मुंबई ‘ब’, ५५८ किलोहर्ट्झ: मध्यम लहर का विरली आणि कॅसेटींवर उरलेलं कसं वाचवायचं?

परळचा_श्रोता

मंडळी, तीन प्रश्न आहेत. एकमेकांत गुंतलेले आहेत म्हणून एकत्रच विचारतो.

जुन्या चाळीत दोन बँडच्या ट्रान्झिस्टरवर अस्मिता वाहिनी (मुंबई ‘ब’चंच नाव) दिवसभर खणखणीत लागायची. आता सेट तोच, परळही तेच, पण पुनर्विकासातल्या टॉवरचा चौदावा मजला आहे आणि सगळ्या मध्यम लहरीवर (मीडियम वेव्हवर) नुसती खरखर येते. सेट बिघडलाय, इमारत आड येतेय की प्रक्षेपणातच काही आहे, हे घरच्या घरी कसं ओळखायचं?

दुसरं, एवढं ऐकलं जाणारं केंद्र ‘एफएमने खाल्लं’ असं सगळे सांगतात. तेवढं उत्तर पुरेसं आहे का?

तिसरं, ऐंशीच्या दशकात रेडिओवरून भरलेल्या चाळीसेक कॅसेटी आहेत, सी-६० आणि सी-९०. नभोनाट्यं, ‘पुन्हा प्रपंच’चे भाग, भावसरगम, मधूनच बातम्या. काहींवर पांढरी बुरशी आलीय. दुकानात द्याव्यात की घरी उतरवाव्यात? आणि उतरवल्यावर यूट्यूबवर टाकता येतील का?

फेराइट_दांडी

पहिल्या प्रश्नाचं सांगतो. सेटमध्ये नवे सेल घाला, अ‍ॅडॉप्टर अजिबात नको, आणि गच्चीवर जा. लिफ्टची मशीनरूम आणि मोबाइलचे अँटेना यांच्यापासून लांब उभे राहा आणि दुपारी ५३१पासून १६०२पर्यंत काटा सावकाश फिरवा. आकाशवाणी मुंबईच्या ठरलेल्या जागा तीन: ५५८ (‘ब’, अस्मिता), १०४४ (‘अ’, संवादिता) आणि ११८८ (‘क’, विविध भारती). दुपार अशासाठी, की दिवसा आयनांबरातला सर्वांत खालचा थर मध्यम लहर शोषून घेतो आणि जे ऐकू येतं ते जमिनीलगत आलेलं, म्हणजे जवळचंच असतं. सूर्य मावळला की तो थर विरतो, वरच्या थरांवरून परतलेली लांबची केंद्रं येऊ लागतात आणि रात्री लागलेलं केंद्र मुंबईचंच आहे हे नुसत्या काट्यावरून ठरवता येत नाही.

गच्चीवर लागतं पण घरात नाही, तर सेट ठणठणीत आहे. गच्चीवर दुपारी काहीच नाही पण रात्री लांबची केंद्रं लागतात, तरीही सेट ठीक आहे, त्या वेळी त्या जागी प्रक्षेपण नव्हतं. दोन्ही वेळा काहीच नाही, खरखरसुद्धा नाही, तरच पेचकस हातात घ्या.

उघडल्यावर आधी फेराइटच्या दांडीवरची, म्हणजे सेटच्या आतल्या अँटेनावरची, गुंडाळी बघा. तिची तार म्हणजे केसाएवढ्या अनेक धाग्यांचा पीळ असतो आणि तो टोकाला गंजून तुटतो. मल्टिमीटरवर मोठी गुंडाळी काही ओहमच दाखवते. आकडाच आला नाही तर तार तुटलेली आहे. डाग देण्याआधी सगळे धागे स्वच्छ करा. निम्मेच धागे जोडले गेले तर सेट चालतो खरा, पण बहिरा होतो. मग बँडचा स्विच, कॉन्टॅक्ट क्लीनर मारून बऱ्याचदा मागेपुढे करायचा. आवाज बारीक आणि फाटका असेल तर आउटपुटचे इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर सुकले असणार. तेवढ्याच मायक्रोफॅरडचे आणि तेवढ्याच किंवा जास्त व्होल्टचे नवे घाला, लॅमिंग्टन रोडला सहज मिळतात. आयएफटीच्या, म्हणजे आतल्या छोट्या जुळवणीच्या कॉइलींच्या, रंगीत डोक्यांना मात्र हात लावू नका. ते ४५५ किलोहर्ट्झवर जुळवलेले असतात आणि सिग्नल जनरेटर नसेल तर पुन्हा जागेवर येत नाहीत.

आता टॉवर. ५५८ची लहर ५३७ मीटर लांब आहे. सळयांच्या जाळीत बसवलेल्या दीड मीटरच्या खिडकीतून तिला आत शिरायला फारसा वाव नसतो, म्हणून खिडकीपासून दोन-तीन मीटर आत गेलात की सिग्नल झपाट्याने पडतो. चाळीला लाकडी तुळया, कौलं आणि उघडा सज्जा होता, तिथे हा प्रश्नच नव्हता.

पण माझ्या मते खरा शत्रू आपल्याच घरातली वीज आहे. एलईडी बल्ब, चार्जर, राउटरचा अ‍ॅडॉप्टर, इन्व्हर्टर एसी, लिफ्टची ड्राइव्ह, या सगळ्यांत वीज सेकंदाला हजारो वेळा तोडली-जोडली जाते. एखादा चार्जर ६५ किलोहर्ट्झवर चालत असेल तर त्याच्या पटी ५८५, ६५०, ७१५ अशा थेट मध्यम लहरीत पडतात. स्वस्त मालात गाळणीची कॉइलच वगळलेली असते. पारख सोपी आहे: सेलवरचा रेडिओ चालू ठेवून घराचा मुख्य स्विच बंद करा, मग एकेक एमसीबी वर करा. दोषी वस्तू सापडली की ती बदला, किंवा तिची वायर फेराइटच्या कड्यातून सात-आठ वेढे घालून घ्या. वरच्या-खालच्या मजल्यांची खरखर मात्र उरते.

त्यासाठी खिडकीतला लूप, म्हणजे तारेच्या वेढ्यांचा अँटेना. ६० सेंटिमीटर बाजूची चौरस चौकट, लाकडाची किंवा पीव्हीसी नळीची, धातूची नाही. तिच्यावर अर्ध्या सेंटिमीटरच्या अंतराने साध्या वायरचे १३ वेढे. ३३ मीटर वायर घेतली की पुरते. इंडक्टन्स साधारण २४० मायक्रोहेन्री येतो. दोन टोकांना ३६५ पीएफचा (पिकोफॅरडचा) गँग, म्हणजे केंद्र लावायचा फिरता कंडेन्सर, जोडा. ५५८ला सुमारे ३३५ पीएफ लागतात, म्हणजे गँग जवळजवळ पूर्ण मिटलेला; १०४४ला शंभराच्या आत. लहान ट्रान्झिस्टरमधला पीव्हीसी गँग असेल तर त्याचे दोन्ही विभाग एकत्र जोडा, आणि तरी ५५८ गाठलं नाही तर १०० पीएफचा मायका कंडेन्सर समांतर घाला. रेडिओला वायर जोडायची नाही. फेराइटची दांडी चौकटीच्या प्रतलाला काटकोनात येईल असा रेडिओ शेजारी ठेवा आणि गँग हळू फिरवा. आवाज एकदम वर उसळतो ती जागा. चौकटीची कड केंद्राच्या दिशेला असली की ग्रहण सर्वाधिक. प्रक्षेपक मालाडला, मालवणीच्या बाजूला, म्हणजे परळहून उत्तरेकडे. त्यामुळे पूर्वेच्या किंवा पश्चिमेच्या खिडकीला चौकट समांतर टेकवली तरी जमतं. मग थोडी फिरवून सर्वांत मोठी खरखर जिथे बुजते ती जागा पकडा. सिग्नल थोडा कमी झाला तरी चालेल, खरखर जास्त कमी व्हायला हवी.

बॅकबे_सभा

फेराइट_दांडी यांचं तांत्रिक म्हणणं बरोबर आहे, पण खरखर हे एकच कारण नाही. कारणं एकावर एक चढत गेली.

मुंबईचं केंद्र २३ जुलै १९२७ला इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीने सुरू केलं. त्याआधी १९२३ मध्ये रेडिओ क्लबचं हौशी प्रक्षेपण झालं होतं. कंपनी १९३० मध्ये बुडाली, सरकारने केंद्र ताब्यात घेतलं आणि जून १९३६पासून ऑल इंडिया रेडिओ हे नाव आलं. आकाशवाणीची ओळखधून रचणारे म्हणून ज्यांचं नाव घेतात ते वॉल्टर कॉफमन मुंबई केंद्राच्याच नोकरीत होते. मुंबईने देशाला दिलेल्या गोष्टींत ही धून मोजली जात नाही, ती मोजायला हवी.

पुढे ‘ब’ केंद्र मराठी घरांचं झालं. इथे यशवंत देव आणि मंगेश पाडगावकर नोकरीला होते. नीलम प्रभू, बाळ कुडतरकर, प्रभाकर जोशी यांचे आवाज घरच्या माणसांसारखे ओळखले जात. कामगार सभा गिरणगावासाठी, वनिता मंडळ दुपारच्या बायकांसाठी, गंमत जंमत मुलांसाठी. म्हणजे प्रत्येक कार्यक्रमामागे एक ठरलेला श्रोता आणि त्याची ठरलेली रिकामी वेळ होती. केंद्राची ताकद हीच, आणि कमजोरीही हीच. जानेवारी १९८२च्या संपानंतर गिरण्या मिटत गेल्या आणि कामगार सभेचा श्रोता शहरातूनच उठला. दुपारच्या घरात दूरदर्शन आलं.

पैशाचं गणित वेगळं. १९६७ मध्ये विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या त्या मुंबई, पुणे आणि नागपूरपासून. त्यामुळे जाहिरातदार पहिल्यापासून ‘क’कडे वळला आणि ‘ब’ सरकारी पैशावर राहिलं. १९९३ मध्ये आकाशवाणीच्या एफएमवर खासगी कंपन्यांना वेळ विकायला सुरुवात झाली, २००२ मध्ये मुंबईत स्वतंत्र खासगी केंद्रं आली. गाण्यांच्या बाबतीत मध्यम लहर हरणारच होती. २३ नोव्हेंबर १९७८पासून आपल्याकडे दोन केंद्रांमधलं अंतर ९ किलोहर्ट्झ ठरलं आहे (५५८, १०४४, ११८८ या तिन्हींना ९ने भाग जातो तो म्हणूनच), त्यामुळे आवाज साडेचार-पाच किलोहर्ट्झपर्यंतच पोचतो. एफएमवर तो १५पर्यंत जातो. सतार आणि झांजेला हा फरक जीवघेणा आहे. बोलण्याला मात्र नाही. म्हणून नभोनाट्य, बातम्या, मुलाखती मध्यम लहरीवर टिकायला हव्या होत्या.

त्या टिकल्या नाहीत कारण सेटच उरला नाही, आणि हे कारण मला सर्वांत मोठं वाटतं. मोबाइलमध्ये एफएम आलं, कारण इअरफोनची वायर हाच त्याचा अँटेना. मध्यम लहरीला फेराइटची दांडी लागते, ती बारीक फोनात मावत नाही आणि मावली तरी फोनच्याच प्रोसेसरची खरखर पकडते. एक पिढी अशी वाढली की तिच्या हातातल्या रेडिओला ५५८ ही जागाच नव्हती. कार्यक्रम कितीही चांगला केला तरी तो तिच्यापर्यंत पोचायला वाट राहिली नाही.

प्रक्षेपकाचा खर्चही बघा. ५५८चा प्रक्षेपक १०० किलोवॅटचा. जुना व्हॉल्व्हचा प्रक्षेपक ६० टक्के कार्यक्षमतेने चालला तर मीटरवर १६५ किलोवॅटच्या आसपास ओढतो. १७ तासांचे २,८०० युनिट होतात, रोज. मनोरा उंच हवा, पाव लहर धरली तरी १३४ मीटर. त्याच्या बुंध्यापासून चहूकडे जमिनीत तांब्याच्या तारा पुरायच्या, म्हणजे मैदानभर जागा. एफएमचा मनोरा आहे त्या इमारतीवर किंवा टेकडीवर उभा राहतो.

त्या खर्चाचं फळही मोठं होतं, हे विसरलं जातं. समुद्राचं खारं पाणी जमिनीपेक्षा वीज शेकडो पटींनी चांगली वाहतं, म्हणून मालाडची लहर किनाऱ्याने कोकणात आणि खोल समुद्रातल्या होड्यांवर पोचायची. एफएम साधारण नजरेच्या टप्प्यात चालतं. शहराला पर्याय मिळाला, मचव्यावरच्या माणसाला तितका नाही.

डीआरएम, म्हणजे डिजिटल मध्यम लहर, हा त्यावरचा उपाय होता. प्रसार भारतीने देशभर तीसहून अधिक प्रक्षेपक त्यासाठी घेतले. पण परवडणारा संच बाजारात आलाच नाही. काही मोटारींत तो बसवून येतो, घरात जवळजवळ कुणाकडे नाही. कार्यक्रम ऐकायचेच असतील तर आज ‘न्यूज ऑन एअर’ अ‍ॅप हा सरळ मार्ग.

फीतवाला

कॅसेटींचं मी लिहितो. दुकानात देऊ नका असं म्हणणार नाही, पण बहुतेक ठिकाणी सगळ्या कॅसेटी एकाच जुळवणीवर धडाधड वाजवून एमपीथ्री हातात देतात. रेडिओवरून भरलेल्या कॅसेटींना ते चालत नाही. का ते पुढे येईल.

सगळ्यांत आधी प्रत्येक कॅसेटच्या मागच्या कडेच्या दोन खिट्ट्या मोडा, म्हणजे चुकून पुसली जाणार नाही. मग बुरशीच्या कॅसेटी वेगळ्या काढा. हवाबंद स्टीलच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत आठवडाभर ठेवा; पावसाळ्यात हे काम काढूच नका, ऑक्टोबरनंतर करा. सुकलेली बुरशी भुकटी होते, ओली चिकटते. तोंडाला मास्क लावा, खिडकीपाशी बसा आणि एखाद्या टाकाऊ प्लेअरमध्ये फीत पुढे-मागे गुंडाळताना धागे न सोडणाऱ्या कोरड्या मऊ कापडाने अलगद पुसा. चांगल्या डेकमध्ये बुरशीची कॅसेट कधीच नाही, बीजकणं हेडवरून पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागतात.

कवच बघा. स्क्रूचं असेल तर सोपं. चिकटवलेलं असेल आणि फीत अडकत असेल तर ब्लेडने शिवण उघडून दोन्ही चकत्या पाच स्क्रूच्या रिकाम्या कवचात हलवा. फितीमागचा छोटा लोकरीचा तुकडा, प्रेशर पॅड, हमखास निसटलेला असतो. तो नसेल तर फीत हेडला टेकत नाही आणि आवाज मधूनमधून बुडतो. दुसऱ्या कॅसेटचा काढून बसवा, डिंक अगदी टाचणीच्या टोकाएवढा.

डेक चांगला हवा. यूएसबीचे स्वस्त कॅसेट प्लेअर टाळा, त्यांचा वेग डगमगतो. जुना डेक घेतला तर पट्टे नवे घाला. हेड आणि धातूचा कॅप्स्टन (फीत ओढणारी बारीक दांडी) ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने प्रत्येक कॅसेटनंतर पुसा. रबरी पिंच रोलरला (फीत त्या दांडीवर दाबणाऱ्या चाकाला) साबणाचं पाणी पुरतं, अल्कोहोल वारंवार लावलं तर रबर कडक होतं. वाजवण्याआधी कॅसेट एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे गुंडाळा, वर्षानुवर्षांचा ताण मोकळा होतो. सी-९०ची फीत सी-६०पेक्षा पातळ असते, १२ मायक्रॉनच्या आसपास, तिच्यावर झटका-ब्रेक नको.

आता सर्वांत महत्त्वाचं: अ‍ॅझिमथ. हेडच्या बाजूला स्प्रिंगवर बसलेला एक बारीक स्क्रू असतो, तो हेडचा तिरपेपणा ठरवतो. प्रत्येक टू-इन-वनचं हेड थोडं वेगळं तिरकं असायचं आणि फितीवर तोच तिरपेपणा उमटलेला आहे. डेक जुळवला नाही तर ‘स’ आणि ‘श’ बोथट होतात आणि फीत खराब झाली असं वाटतं. आउटपुट मोनो करून हेडफोन लावा, चुंबकत्व नसलेल्या पेचकसाने स्क्रू अगदी थोडा फिरवा आणि फितीची सळसळ सर्वांत तीक्ष्ण होते तिथे थांबा. पाव फेऱ्याच्या आतच ती जागा सापडते. आधी मूळ जागेची खूण करून ठेवा. हे दर कॅसेटला करायचं. एका जुळवणीवर चाळीस कॅसेटी का वाजवू नयेत, त्याचं कारण हे.

डेकचा लाइन-आउट यूएसबी ऑडिओ इंटरफेसला द्या. लॅपटॉपच्या माइकच्या भोकात नाही, तिथे मोनो असतं आणि आवाज आपोआप वर-खाली होतो. ऑडॅसिटीत (ध्वनिमुद्रणाचं मोफत सॉफ्टवेअर) ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, स्टिरिओ, डब्ल्यूएव्ही. शिखर उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. सी-९०ची एक बाजू सुमारे ७८० एमबी होते. चाळीसच्या चाळीस सी-९० धरल्या तरी ६५ जीबीच्या आत काम होतं, तेव्हा जागेसाठी दर्जा कमी करण्यात अर्थ नाही. ही मूळ प्रत, तिला पुन्हा हात लावायचा नाही. साफसफाई नकलेवर करायची.

नकलेवर ५०, १०० आणि १५० हर्ट्झची घूं अरुंद नॉचने (तेवढीच वारंवारता कापणाऱ्या फिल्टरने) काढा. ६ किलोहर्ट्झच्या वरचं सगळं कापा, तिथे मध्यम लहरीवरून आलेलं काही नाहीच, नुसती सळसळ आहे. खरखर काढणारे आपोआप फिल्टर हलक्या हाताने वापरा. जास्त ओढलं तर माणूस पाण्याखालून बोलल्यासारखा वाटतो आणि नभोनाट्यातली शांतताही मरते.

परळचा_श्रोता

फारच उपयोगी, सगळ्यांचे आभार. फीतवाला, काही कॅसेटींवर आवाज जरा पातळ आणि घाईचा वाटतो. वेग चुकलाय हे नक्की कसं ठरवू? आणि बातम्या, वेळ सांगणं वगैरे कापून फक्त नाटकं ठेवू का?

फीतवाला

कापू नका, मूळ प्रतीत तर नाहीच. निवेदिकेचं एक वाक्य, बातमीचा तुकडा, पुढच्या कार्यक्रमाची घोषणा, यावरूनच तारीख लागते. नाटकाची संहिता कुठेतरी छापलेली असू शकते, पण त्या दिवसाचं निवेदन दुसरीकडे कुठेही नाही. केंद्रावरचे फितींचे स्पूल महाग असायचे आणि पुसून पुन्हा वापरले जायचे, थेट प्रक्षेपण तर मुद्रितच व्हायचं नाही. घरच्या कॅसेटींची किंमत त्यामुळे आहे.

वेगासाठी पहिला विचार येतो तो विजेच्या घुमण्याचा: ५० हर्ट्झची रेघ स्पेक्ट्रोग्रॅमवर (वारंवारतांच्या आलेखावर) ५१.५ला दिसली तर वेग ३ टक्के जास्त. पण ऐंशीच्या दशकात आपल्या ग्रिडची वारंवारताच बरीच हलायची, त्यामुळे हे ठोकताळ्यापुरतं. अचूक खूण रात्रीच्या मुद्रणात सापडते. आपल्या आणि शेजारच्या केंद्राच्या वाहकलहरी (कार्यक्रम वाहून नेणाऱ्या मूळ लहरी) मिळून ९ किलोहर्ट्झवर एक बारीक शिटी बनते. कानाला येणार नाही, पण सहाच्या वरचं कापण्याआधी मूळ प्रतीचा स्पेक्ट्रोग्रॅम काढला तर बऱ्याचदा फिकट सरळ रेघ दिसते. दोन्ही वाहकलहरी काटेकोर असतात, म्हणून ती रेघ ९ किलोहर्ट्झलाच हवी. ९.२७ला असेल तर वेग ३ टक्के जास्त. नकलेचा वेग तेवढा उतरवा, स्वर आणि गती दोन्ही एकत्र बदलणारा पर्याय निवडून. १९७८च्या नोव्हेंबरनंतरच्या मुद्रणांनाच हे लागू.

बॅकबे_सभा

यूट्यूबचं राहिलं. प्रताधिकार कायदा, १९५७च्या कलम ३७प्रमाणे प्रसारण संस्थेचा पुनःप्रक्षेपणाचा हक्क प्रसारणाच्या पुढच्या वर्षापासून २५ वर्षं असतो. १९८५च्या प्रसारणाचा तो २०१०च्या अखेरीस संपला. पण त्याने कॅसेट मोकळी होत नाही. लेखकाचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं, ध्वनिमुद्रिकेचा प्रकाशनानंतर ६० वर्षं. म्हणजे ऐंशीच्या दशकातलं जवळजवळ प्रत्येक नभोनाट्य आणि गाणं अजून कुणाच्या तरी हक्कात आहे. घरी ऐकायला ठेवणं चालतं, जाहीर टाकायचं तर लेखकाची किंवा त्याच्या वारसांची आणि ध्वनिमुद्रिकेचा हक्क ज्याच्याकडे आहे त्याचीही परवानगी घ्या. नाटकांच्या बाबतीत वारस शोधणं दिसतं तेवढं अवघड नसतं.

त्याआधी एक प्रत आकाशवाणी मुंबईच्या केंद्रप्रमुखांना पत्र लिहून देऊ करा. सोबत यादी जोडा: कॅसेट क्रमांक, बाजू, मिनिट-सेकंद, कार्यक्रमाचं नाव, ऐकू येणारे कलावंत, आणि तारीख कशावरून ठरवली ते. फाइलींची नावंही तशीच ठेवा, उदाहरणार्थ ‘०१७_ब_५५८_१९८४_नभोनाट्य’. वर्ष अंदाजाचं असेल तर त्यापुढे ‘सुमारे’ लिहा. कॅसेटच्या कागदावरचं हस्ताक्षर दोन्ही बाजूंनी स्कॅन करून त्याच क्रमांकाने ठेवा, आणि मूळ कॅसेटी उतरवून झाल्या तरी टाकू नका.